ज्येष्ठांच्या वसाहतीतल्या मावशी दर वर्षी बदलू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली शनिवार-रविवारच्या पेपरात पनवेल, नेरळ, कर्जत, घोडबंदर रोड अशा ठिकाणच्या ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांच्या पानभर जाहिराती असतात. क्लबहाऊस, योगासाठी हॉल, चालायला ट्रॅक, दारात अँब्युलन्स. मी स्वतः खारघरच्या पुढे अशाच एका प्रकल्पात राहते आणि त्याआधी बरीच वर्षं हॉस्पिटलमध्ये सिस्टर होते, म्हणून या जाहिरातींत जे कधीच येत नाही त्याबद्दल लिहायचंय. रोज सकाळी येऊन लादी पुसणाऱ्या, बाथरूम घासणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या, डबा पोचवणाऱ्या, व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसांबद्दल. आमच्याकडे सगळे त्यांना मावशी आणि दादा म्हणतात.

यंदाच्या वार्षिक सभेत हाऊसकीपिंगचं कंत्राट बदललं. नवीन एजन्सीचं कोटेशन कमी होतं, फ्लॅटमागे महिन्याला थोडेफार पैसे वाचत होते, बहुतेकांनी हात वर केले. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला शंभर रुपयेसुद्धा विचार करून खर्च करावे लागतात, मीपण पेन्शनरच आहे, त्यामुळे हात वर करणाऱ्यांवर माझा राग नाही. पण पुढच्या एक तारखेला जुन्या मावशी सगळ्या एकदम गेल्या आणि नवीन मुली आल्या, आणि त्या मुलींना कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं. कुठल्या घरात बेल वाजवून उपयोग नाही कारण आतल्या आजोबांना ऐकू येत नाही, कुठे दार उघडायला पाच मिनिटं लागतात म्हणून थांबायचं, कुठल्या काकूंना सकाळी आधी चहा हवा आणि मग झाडू, हे कुठल्याच कंत्राटात लिहिलेलं नसतं, ते जुन्या मावशींच्या डोक्यात होतं आणि त्यांच्याबरोबर गेलं.

आमच्या मजल्यावर एक आजी आहेत, डायबेटिसमुळे त्यांची नजर जवळजवळ गेलीय, घरात त्या हाताच्या अंदाजाने वावरतात. जुन्या मावशी लादी पुसायला खुर्ची हलवली तर परत त्याच जागी ठेवायच्या, पाण्याचा तांब्या उजव्या हाताला, काठी पलंगाच्या उशाला. नवीन मुलीने मन लावून घर आवरलं, सगळं नीट भिंतीकडे सरकवून ठेवलं, आणि आजी दुपारी त्या खुर्चीच्या अंदाजाने बसायला गेल्या आणि पडल्या. नशिबाने हाड मोडलं नाही. त्या मुलीची यात काय चूक? तिला कोण बोललं होतं? खालच्या मजल्यावर विसरण्याचा आजार असलेले एक काका आहेत, त्यांना सकाळी ओळखीचा चेहरा दिसला की दिवस बरा जातो, अनोळखी बाई घरात शिरली की घाबरतात, ओरडतात. त्यांच्या बायकोने मला सांगितलं की मावशी बदलल्यापासून यांची झोपच उडालीय.

आता हॉस्पिटलमधल्या अनुभवावरून एक सांगते. म्हातारपणी माणूस बिघडतो ना तो आधी बारीकसारीक गोष्टींत बिघडतो, आणि त्या गोष्टी डॉक्टरला दिसत नाहीत, मुलांना व्हिडिओ कॉलवर दिसत नाहीत, त्या रोज घरात येणाऱ्या मावशीला दिसतात. डबा तसाच परत आला, गोळ्यांची पट्टी काल होती तेवढीच आहे, अंथरुणाला लघवीचा वास यायला लागलाय, कालपर्यंत नीट बोलणारी बाई आज असंबद्ध बोलतेय. वयस्कर माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं तर ताप येईलच असं नाही, कित्येकदा पहिलं लक्षण म्हणजे अचानक गोंधळ उडणं. रक्तातलं सोडियम कमी झालं तरी तसंच, आणि सोडियम कमी होणं हे आमच्या वयात किती कॉमन आहे ते कुठल्याही घरात विचारा. घरचे समजतात वयामुळे होतंय. लकव्याचं तर घड्याळावरच असतं सगळं, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणजे सकाळी तोंड वाकडं झालं आणि ते दुपारी कुणाच्या लक्षात आलं तर वेळ गेलेली असते. आमच्याच एका काकांचं तोंड वाकडं आणि हात लुळा पडलेला मावशींनी पाहिला, त्यांनी झाडू तिथेच टाकून रिसेप्शनला पळत जाऊन सांगितलं, काका आज काठी घेऊन चालतात. त्या मावशीही या कंत्राटाच्या बदलात गेल्या. ओळखीचा माणूस असेल तरच त्याला कळतं की हे नेहमीचं नाहीये. पहिल्यांदाच घरात आलेल्या मुलीला काका असेच बोलतात की आज असे बोलतायत हे कसं कळणार?

महारेराने, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले ही खूप चांगली गोष्ट झाली. दार किमान ९०० मिलिमीटर रुंद हवं म्हणजे व्हीलचेअर जाते, न घसरणारी लादी हवी, बाथरूममध्ये धरायला दांडे हवेत, रॅम्प आणि लिफ्ट हवी. त्याआधी केंद्र सरकारने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या त्यात तर सेवा देणाऱ्या संस्थेबरोबरच्या कराराचाही विचार आहे. पण प्रत्यक्षात आम्हाला ब्रोशरमध्ये लादीचा प्रकार कळतो, माणसं किती असतील, रात्री किती असतील, त्यांना काय शिकवलंय, हे कुणी लिहून देत नाही. आणि ती न घसरणारी लादी तरी साफ कशी होते? ती खरबरीत असते, मळ आणि साबण तिच्या खाचांत बसतो आणि मग तीच घसरडी होते, तिथे नुसता मॉप फिरवून चालत नाही, ब्रशने घासून, भरपूर पाण्याने धुऊन, वायपर मारून कोरडी करावी लागते. याला वेळ लागतो. नवीन एजन्सीने एका मावशीकडे आधीपेक्षा जास्त घरं दिलीत, कोटेशन तिथेच तर कमी झालं. मग ती बिचारी घाईघाईत ओलं फडकं मारून पुढच्या घरी पळते आणि लादी ओलीच राहते.

घाईत आणखी एक धोक्याची गोष्ट होते. बाथरूम चकचकीत दिसावं म्हणून ॲसिडवाला टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचिंगचं लिक्विड एकत्र टाकतात. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये दम लागतो, डोळ्यांतून पाणी येतं, आणि दमा असलेले आजोबा बाहेर बसलेले असतात. हे पहिल्याच दिवशी शिकवायला हवं, पाच मिनिटांचं काम आहे. तसंच इन्सुलिनच्या सुया. आमच्यासारख्या वसाहतीत बऱ्याच घरांत रोज इन्सुलिन घेतात आणि सुई टोपण न लावता सरळ कचऱ्याच्या पिशवीत टाकतात, पिशवी बांधताना ती मावशीच्या बोटात जाते. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतच वापरलेल्या सुया हा घरातला घातक कचरा धरला होता, तो वेगळा ठेवायचा, डायपर वेगळे गुंडाळून द्यायचे, हे काम मावशीचं नाही, आपलं आहे. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात सुया साठवा, एवढं आपल्याला जमायला हवं. आणि हा धोका पत्करणाऱ्या माणसांना हिपॅटायटिस बीची लस, तीन डोस असतात तिचे, सोसायटीच्या खर्चाने द्यायला काय हरकत आहे?

अजून एक, जे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोललं की भांडणं होतात. मावशीचं काम साफसफाईचं, पण हळूहळू आपण त्यांना सगळंच सांगायला लागतो. जरा आंघोळ घाल, जरा नखं काप, जरा पलंगावरून उचलून खुर्चीत बसव. उचलायचं एक तंत्र असतं, खुर्चीचे ब्रेक आधी लावायचे, माणसाला काखेत धरून ओढायचं नाही, आपल्या कमरेतून वाकायचं नाही, हे शिकलेला माणूसच करू शकतो, नाहीतर म्हाताऱ्याचा खांदा निखळतो आणि मावशीची कंबर कायमची जाते. ज्याला अशी गरज आहे त्याने शिकलेला केअरटेकर ठेवायला पाहिजे, जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स केलेली मुलं-मुली मिळतात. पण ब्युरोतून बारा तासांची किंवा चोवीस तासांची बाई आणायची म्हणजे खर्च मोठा, तो सगळ्यांना झेपत नाही, म्हणून भार मावशीवर येतो. यावर उपाय म्हणजे दोन-तीन मजल्यांनी मिळून एक केअरटेकर ठेवावा, खर्च वाटून घ्यावा. आम्ही काही जणींनी हे मांडलंय, अजून ठरलं नाही.

पगाराचं बोलायलाच पाहिजे. या बायका तळोजा, कळंबोली, ओवे कॅम्प, रोहिंजणहून येतात, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाली तेव्हापासून काहींची सोय झाली, बाकीच्यांचं शेअर रिक्षावर चालतं आणि पावसाळ्यात पाणी भरलं की तेही बंद. एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापतात. जेवायला जागा नाही, पंप रूमच्या बाजूला जमिनीवर बसून डबा खातात, आम्ही ज्या बाकांवर संध्याकाळी बसतो तिथे त्यांनी दुपारी बसू नये अशी तक्रार एका रहिवाशाने लेखी दिली होती, मला ते वाचून फार वाईट वाटलं. यातल्या कित्येक जणी पन्नाशीच्या पुढच्या आहेत, आमची सेवा करता करता त्याच म्हाताऱ्या होतायत. त्यांचा पीएफ भरला जातो का, ईएसआयचं कार्ड आहे का, हे आम्ही कधी विचारलंच नाही. ईएसआयमध्ये महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला औषधोपचार मिळतात, त्यात कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के जातात आणि मालकाने ३.२५ टक्के भरायचे असतात, म्हणजे रक्कम काही डोंगराएवढी नाही. एजन्सी दर वर्षी बदलली की ही सगळी कागदपत्रं परत पहिल्यापासून, मधले महिने कुठेच भरले जात नाहीत. आणि एजन्सीने पगार थकवला तर काम करवून घेणाऱ्याला तो द्यावा लागतो, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलंय, तेव्हा आमचा काय संबंध असं म्हणून सोसायट्यांना सुटता येणार नाही.

चोरीच्या आळाबद्दलही लिहिते. विसरण्याच्या आजारात वस्तू चोरीला गेली असं वाटणं हे फार नेहमीचं लक्षण आहे, मी ते वॉर्डात शेकडो वेळा पाहिलंय. अंगठी उशीच्या अभ्र्यात सापडते, पण तोपर्यंत मावशीची सगळ्यांसमोर बॅग तपासून झालेली असते आणि तिला घरी पाठवलेलं असतं. आधी घरच्या माणसाने नीट शोधावं, मग दोघा-तिघांच्या समोर शांतपणे विचारावं, आणि वस्तू सापडली तर तिची माफी तितक्याच लोकांसमोर मागावी.

रात्रीचं तर मला जास्त काळजीचं वाटतं. बाथरूममध्ये ओढायची दोरी लावलेली असते, ती ओढली की खाली केबिनमध्ये बेल वाजते. खाली कोण आहे? कालच जॉइन झालेला वॉचमन, त्याला विंगच माहीत नाही, मास्टर की कुणाकडे आहे माहीत नाही, आणि आतून कडी असेल तर काय करायचं हेही माहीत नाही. दर महिन्याला एकदा रात्री ही बेल वाजवून बघितली पाहिजे, किती मिनिटांत माणूस दारात आला ते लिहून ठेवलं पाहिजे.

महारेराला आणि गृहनिर्माण खात्याला माझी कळकळीची विनंती आहे की दारांच्या रुंदीबरोबरच किती घरांमागे किती माणसं, रात्री किती, त्यांचं ट्रेनिंग काय, हे विक्रीच्या करारातच लिहून घ्या आणि ताबा दिल्यानंतरही ते पाळलं जातंय का ते बघा. आणि ठाणे, नवी मुंबई, पनवेल, कर्जत भागात अशा वसाहतींत राहणाऱ्या माझ्या वयाच्या सगळ्यांना सांगणं आहे की पुढचं कंत्राट निघेल तेव्हा एजन्सी बदलली तरी माणसं तीच ठेवायची ही अट त्यात घाला, दर महिन्याचं बिल पास करायच्या आधी पीएफ आणि ईएसआयच्या चलनाची कॉपी मागा, रजेवर गेलेल्या मावशीच्या जागी येणारी रिलीव्हर आधी दोन दिवस तिच्याबरोबर फिरवा. आमच्या जुन्या मावशींपैकी काही जणी अजून कामाच्या शोधात आहेत, नवीन एजन्सीने त्यांना परत घ्यावं यासाठी आम्ही सह्यांचा अर्ज केलाय, पुढच्या महिन्यात कमिटीची मीटिंग आहे.

कळावे,
एक ज्येष्ठ वाचक, नवी मुंबई