मंत्रिमहोदय, सिग्नल स्वच्छ करणं म्हणजे चोरून ऐकणं नव्हे

माननीय केंद्रीय दळणवळण मंत्री यांस,
सादर नमस्कार.

मी नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातले दोघे, एक मुलगा आणि एक मुलगी, अंजनेरीच्या पायथ्याशी अँटेना, लॅपटॉप आणि पेन ड्राइव्हएवढा रिसीव्हर घेऊन बसले होते. हवामान उपग्रहाचा १३७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातला सिग्नल डोंगरावर आपटून पुन्हा अँटेनात शिरतो तेव्हा त्याचं काय होतं, हे त्यांना मोजायचं होतं. पाऊण तासात त्यांना चौकशीसाठी नेलं. संध्याकाळी सोडलं, कुणी वाईट वागलं नाही. पण मुलीच्या वडिलांनी दुसऱ्याच दिवशी तिला प्रकल्प बदलायला लावला.

चौकशी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. देवळालीला तोफखाना, ओझरला विमानांचा कारखाना. इथे अँटेना लावून बसलेल्या पोरांना हटकलंच पाहिजे. माझं दुःख वेगळं आहे. त्यांच्याजवळ दाखवायला एकही कागद नव्हता, आणि तो कुठून आणायचा हे मला, त्यांच्या शिक्षकाला, सांगता आलं नाही.

मुलं काय करत होती ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे. थेट आलेली लहर आणि डोंगरावरून उशिरा आलेली तिची प्रत एकमेकींत मिसळल्या की सिग्नल विटतो. तो सुधारणारा फिल्टर आधी बनवून ठेवता येत नाही, कारण उपग्रह सरकतो तशी ती मिसळणही बदलते. म्हणून फिल्टरनेच स्वतःला बदलत राहायचं. तानपुरा लावणारा खुंटी किंचित पिळतो, ऐकतो, पुन्हा पिळतो, तसं. विड्रो आणि हॉफ या अमेरिकन अभियंत्यांनी १९६० साली ही रीत गणितात बसवली: चूक मोजा, ती कमी होईल त्या दिशेने फिल्टरचे गुणांक, म्हणजे त्याच्या आतले आकडे, थोडे हलवा.

पण चूक मोजायला बरोबर उत्तर माहीत हवं. जीएसएम (२जी) मोबाइलच्या प्रत्येक नेहमीच्या बर्स्टमध्ये, म्हणजे सिग्नलाच्या छोट्या तुकड्यात, २६ बिट्‌स केवळ यासाठी राखलेले असतात; रिसीव्हरला ते आधीच ठाऊक असतात. अनोळखी सिग्नलात असं काही हाताशी नसतं. तिथे गोदार या अभियंत्याने १९८० मध्ये मांडलेली कल्पना कामी येते. अनेक सिग्नलांची उंची मुळात ठरावीक असते, माहिती फक्त कलेत (फेजमध्ये), म्हणजे लहर किती पुढे-मागे सरकली आहे यात, भरलेली असते. तेव्हा फिल्टरला एवढंच सांगायचं: उंची पुन्हा एकसारखी होईपर्यंत स्वतःला जुळवत राहा. आत काय लिहिलंय हे त्याला कळत नाही, कळायची गरजही नसते. कुलूपबंद संदेश या फिल्टरातून गेला तरी कुलूपबंदच राहतो.

मंत्रिमहोदय, नियमात नेमका हाच फरक यायला हवा. दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार रेडिओ उपकरण नुसतं बाळगायलाही अधिकृत परवानगी लागते. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणाऱ्याला जरूर शिक्षा करा. पण जो संच काहीच प्रक्षेपित करत नाही आणि शिकवण्यासाठी वापरला जातो, त्याला सवलत देण्याचा अधिकार त्याच कायद्याने केंद्राला दिला आहे. तो वापरा.

यात नाशिकचा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. २००३ ची चेंगराचेंगरी या गावाच्या मनातून गेलेली नाही. रामकुंडावर बंदोबस्ताच्या वॉकीटॉकीवर एखाद्या बिघडलेल्या यंत्राची खरखर चढली, तर ती ओळखणारा माणूस त्याच मिनिटाला हवा. दुसरा अँटेना खरखरीच्या उगमाकडे वळवायचा, आणि किती वजा करायचं ते फिल्टरने शिकायचं. आईच्या हृदयाचे ठोके वजा करून गर्भाचे ठोके विड्रोंनी याच पद्धतीने वेगळे करून दाखवले होते. आपल्या खात्याची वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन असे उपद्रवी सिग्नल शोधतेच. तिच्या अभियंत्यांच्या हाताखाली आमची मुलं द्या. ती हे काम पुस्तकात शिकली आहेत, उघड्यावर करायची हिंमत मात्र आता त्यांच्यात राहिलेली नाही.

मागणं दोनच आहे. केवळ ग्रहण करणाऱ्या शैक्षणिक संचांना सवलत देणारी अधिसूचना काढा. आणि तिचा एका पानाचा मराठी खुलासा प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि महाविद्यालयात पोहोचवा. महाविद्यालयाच्या शिक्क्याचं पत्र सोबत असलं की पुरेल, एवढं त्यात स्पष्ट लिहा.

ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. मे महिन्यात परीक्षा होऊन ती बाहेर पडेल. त्याआधी हा कागद आला, तर तिच्या वडिलांकडे तो घेऊन मी स्वतः जाईन.

आपला,
नाशिकमधील एक इलेक्ट्रॉनिक्स शिक्षक