शेडमधली जागा

।। श्री ।।

कोल्हापूर
१८ जानेवारी २०२६

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा तू पाठवलेला अॅम्बॅसिडरचा फोटो पाहिला. सांगलीजवळ कुणाच्या गोठ्यात उभी आहे, मार्क टू मॉडेल आहे, पत्रा बरा आहे, मालकाचं मन फिरायच्या आत उचलली पाहिजे, असं लिहिलंयस. आणि खाली विचारलंयस, "आई, जळणाची लाकडं आणि बाबांचं कपाट हलवलं तर शेडमध्ये फियाट आणि हेराल्डशेजारी तिसरी बसेल ना?" बसेल. आज सकाळीच टेप लावून मोजलं. पण ती आणू नकोस, असं मला सांगायचंय. फोनवर तू त्या गाडीबद्दल बोलायला लागलास की तुझा आनंद मोडवत नाही आणि मी गप्प बसते. म्हणून हे पत्र.

डिसेंबरातली गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली. "फियाटच्या ब्रेकचं काम निघालंय, मेस्त्रींना बोलावलंय," एवढंच म्हटलं होतं. झालं असं, की रविवारी सकाळी नेहमीसारखी तिला बाहेर काढली आणि टेंबलाईच्या टेकडीवर जाऊन आले. उतरताना ब्रेकवर पाय ठेवला तो थेट खाली फळीला टेकला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. खाली चहाच्या गाड्यापाशी माणसं उभी होती. मी गिअर दुसऱ्यात ओढला, हँडब्रेक हळूहळू घेतला आणि गाडी कडेच्या मुरमात घातली. कुणाला काही झालं नाही, मलाही नाही. पण इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटं दार उघडायला हात उठत नव्हता.

मेस्त्रींनी मागचं डावं चाक उतरवलं, ड्रम काढला आणि मला जवळ बोलावलं. व्हील सिलिंडरचं, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणाऱ्या भागाचं, रबर बाजूला करताच आतून काळपट तपकिरी गाळ आला, चिंचेच्या कोळासारखा. एका बाजूचा पिस्टन जागेवरच गंजून बसला होता, दुसऱ्या बाजूनं ऑईल झिरपून ड्रम ओला झाला होता. सिलिंडरच्या आतून त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "वहिनी, हे पाणी आहे." ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्याकडचे चार महिन्यांचे पाऊस तुला माहीत आहेत. ते दोन वर्षांनी बदललं नाही तर आतलं लोखंड खायला लागतं, आणि या गाडीत चारही चाकांना एकच लाईन असल्यामुळे एका चाकाला गळती लागली की सगळा ब्रेक जातो. मी घरी येऊन वही काढली. ब्रेक ऑईल शेवटचं बदललं होतं ऑगस्ट २०१९ मध्ये.

ती निळ्या पुठ्ठ्याची वही तू लहानपणापासून बघतोयस. १९७८ मध्ये गाडी दारात आली, त्या रात्री तुझ्या बाबांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तू बँकेत दुसऱ्यांची खाती लिहितेस, हे आपलं लिही." नंबर लावून चार वर्षं वाट पाहिली होती त्यांनी. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी, पण घरात पहिल्या दिवसापासून फियाटच. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, ऑईल, ग्रीसिंग, प्लग, पॉइंट, सगळं त्या वहीत आहे. ही आता पाचवी वही.

मी नुसत्या नोंदी मोजल्या. २०१९ सालच्या त्रेचाळीस. दर महिन्याला तू यायचास, काहीतरी उघडायचास, काहीतरी नीट करून जायचास. २०२१ च्या दिवाळीत दुसरी गाडी, स्टँडर्ड हेराल्ड, आली. २०२२ मध्ये फियाटच्या एकोणीस नोंदी. २०२४ मध्ये सात, त्यातल्या चार नुसत्या "चालू करून बंद केली" अशा, माझ्या अक्षरात. बरं, हेराल्डची वही तरी भरली असेल म्हणावं, तर तिची पहिलीच वही अजून निम्मी कोरी आहे. एका गाडीचा वेळ तू दोघींत वाटलास तर दोघींना निम्मा निम्मा यायला हवा होता. तसं झालेलं नाही. मधल्या मध्ये बराच वेळ सामान शोधण्यात, फोन करण्यात आणि कुठली आधी करायची या विचारातच गेला. आता तिसरी आली तर काय होईल, ते सांगायला वही उघडावी लागणार नाही.

एक ना धड भाराभर चिंध्या, असं मी तुला म्हणणार नाही. तू चिंध्या गोळा करत नाहीस. हेराल्ड आणलीस तेव्हा मलाही ती आवडली होती. मद्रासला बांधलेली, पण रेघ इटलीचे डिझायनर मिकेलॉत्ती यांची. पुढचं सगळं बॉनेट मडगार्डांसकट पुढं उलटतं आणि मगरीनं जबडा उघडावा तसं आतलं इंजिन दिसतं. नातीला तू त्या उघड्या बॉनेटपाशी स्टुलावर उभी करून प्लग दाखवत होतास, तो फोटो अजून माझ्या देव्हाऱ्याशेजारी आहे.

पण त्या गाडीनं आपल्या घरात काय केलं तेही मी पाहिलं. फियाटला मिलिमीटरचे पाने लागतात, हेराल्डला इंचाचे. तू दुसरा सेट आणलास, दोन्ही एकाच पेटीत पडले आणि त्या पावसाळ्यात तुझ्या गैरहजेरीत कामाला आलेल्या पोरानं इंचाचा पाना लावून फियाटच्या तीन नटांच्या कडा गोल केल्या. पोराचा दोष नव्हता. एका घरात दोन भाषा आणल्या आणि शिकवायला कुणी थांबलं नाही. अॅम्बॅसिडर आली की तिचा एसयू कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा) येईल, त्याच्या वरच्या नळीत ऑईल घालायचं असतं हे कुणीतरी ध्यानात ठेवायला हवं. तिचं सामान वेगळं, तिची माणसं वेगळी.

आणि तिन्ही उभ्या राहणार. तेच मला जास्त लागतं. जुनी गाडी चालवून झिजते त्यापेक्षा उभी राहून लवकर मरते, हे तुझ्याच तोंडून मी शंभरदा ऐकलंय. टाकीत पेट्रोल चिकट होतं. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल, तेही पाणी ओढतं आणि जुन्या रबरी पायपा मऊ करतं. टायर एका जागी चपटे होतात, सील वाळतात, उंदीर वायरिंग खातात. हेराल्डला तू व्हिंटेज गाड्यांच्या व्हीए मालिकेचा नंबर घेणार म्हणतोस. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये तो नियम आला, तेव्हा मीही वाचला होता. नव्या नोंदणीचे वीस हजार आणि दहा वर्षांची मुदत, याबद्दल माझी तक्रार नाही. पण मग ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. म्हणजे आहे त्याहून कमी फिरणार. फियाटला २०२८ मध्ये पन्नास पूर्ण होतील. निदान तोवर तरी तिला भाजी आणायला, देवाला जायला, नातीला फिरवायला काढता येईल, हे माझ्या दृष्टीनं फार मोठं आहे.

तू म्हणशील, मग पुष्कळ गाड्या ठेवणारी माणसं चुकली का? नाही. अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलालांचा संग्रह बघायला बाबा मला घेऊन गेले होते. शंभरावर गाड्या. त्यांनी त्या जमवल्या नसत्या तर त्यातल्या किती भंगारात गेल्या असत्या कोण जाणे, आणि बाबा तिथं एकेका गाडीपुढं हात मागे बांधून देवळात उभं राहावं तसे उभे होते. पण तिथं राबायला माणसं होती, आणि ते एका माणसाचं जन्मभराचं काम होतं. तुझं काम पुण्यात आहे, तुझा संसार तिथं आहे, आणि गाड्यांपाशी सत्तरी ओलांडलेली मी आहे. दर रविवारी एक चालू करून आणायला मला अजून आवडतं. दोन चालू करताना दुसरीपाशी जाईपर्यंत कंबर धरते. तिसरीचं मी करू शकणार नाही, बाळा. हे लिहायला मला जड जातंय, कारण तू माझ्यावर भरवसा ठेवूनच जागा विचारलीस.

आपल्या गावातच बघ ना. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती जुन्या मेबॅक गाडीतून येतात, तेव्हा सोनं लुटायला जमलेली माणसं आधी मान उंचावून गाडी बघतात. राजाराम महाराजांच्या वेळची गाडी ती. इतकी वर्षं कुणीतरी तिच्याकडं सतत बघत आलंय, म्हणून ती त्या दिवशी स्वतःच्या चाकांवर येते. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी ती पाहायची, आणि त्या चकचकीत पत्र्यापेक्षा मला तिच्या ड्रायव्हरचा हेवा वाटायचा.

तुझं एक म्हणणं मात्र मला रात्री झोपू देत नाही. "आपण नाही घेतली तर ती कापली जाईल." खरं आहे, कापलीही जाईल. तुझे बाबा गेले त्याच २०१४ साली उत्तरपाड्याला अॅम्बॅसिडर बनणं थांबलं, आणि बातमी वाचून मी त्या सकाळी उगीच रडले होते. मुंबईत शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली, तेव्हाही तुला रात्री फोन केला होता. मेस्त्री म्हणतात, टॅक्स्या होत्या तोवर फियाटचं सामान कुठंही हात घातला तर मिळायचं. आता तसं नाही. म्हणूनच तर सांगते, की जी आपल्याकडं आहे तिला वाचव. सांगलीच्या गाडीचं मी मेस्त्रींच्या थोरल्याशी बोलले. उद्यमनगरात त्याचा स्वतःचा लेथ आहे, घरी जागा आहे आणि स्वतःची गाडी एकही नाही. फोटो दाखवला तर पोरगं दोन मिनिटं बोललंच नाही. त्याला मालकाचा नंबर दे. ती कापली जाणार नाही.

एकच गाडी वर्षानुवर्षं ठेवली की काय मिळतं, ते मला मोठ्या शब्दांत सांगता येत नाही. एवढं सांगते, की थंडीत तिला चोक निम्माच ओढायचा, पूर्ण ओढला की ती गुदमरते. हँडलवरच्या गिअरचा तिसरा टाकताना मध्ये एक श्वास थांबावं लागतं, घाई केली की कुरकुरते. २००३ मध्ये पेडलच्या खालचं बुश बाजारात मिळेना, तेव्हा मेस्त्रींनी उद्यमनगरात गनमेटलचं कातून दिलं. ते आजही बसल्या जागी आहे आणि पायाला त्याची जात कळते. डिसेंबरात टेकडीवर ब्रेक गेला तेव्हा मी घाबरले, पण हात चुकले नाहीत. दुसरा गिअर कुठं आहे, हँडब्रेक किती ओढला की पकडतो, हे मला विचार करावं लागलं नाही. हेराल्डमध्ये असते तर मला ते जमलं असतं असं वाटत नाही.

म्हणून दोनातली एक निवड. आणि इथं मला तुला एक मोकळेपणानं सांगायचंय. फियाट बाबांची म्हणून ठेवायची, असं ओझं घेऊ नकोस. तुझा जीव हेराल्डवर असेल तर हेराल्ड ठेव. फियाट कुणाला द्यायची ते आपण दोघं मिळून बघू, चांगल्या हातात देऊ आणि पाचही वह्या तिच्यासोबत देऊ. मला वाईट वाटेल, पण राग येणार नाही. बाबांना ती शेडमध्ये ताडपत्रीखाली बघवली नसती. दुसऱ्याच्या दारात का होईना, चालती असलेली त्यांनी पत्करली असती.

सूनबाईंशी बोल, नातीलाही विचार. ती दहाची झाली, तिला मत आहे.

सध्या फियाटच्या मागच्या दोन्ही चाकांची कामं अडून आहेत. मेस्त्रींनी डावं सिलिंडर धुऊन, घासून पाहिलं, पण आतल्या खळ्या खोल आहेत, नवंच लागेल. उजव्याला नुसती रबरं चालतील. तोवर गाडी लाकडी ठोकळ्यांवर आहे आणि आजचा रविवारही असा गेला की मी टेंबलाईला रिक्षानं जाऊन आले.

फियाट ठेवायची ठरलं तर शनिवारी येताना नाना पेठेतून डावं सिलिंडर, उजव्याची रबरं आणि ब्रेक ऑईलचे दोन डबे घेऊन ये. डब्याचं सील नीट बघून घे. हेराल्ड ठेवायची ठरलं तर काही आणू नकोस, फक्त आदल्या रात्री फोन कर. इंचाचे पाने मी वेगळ्या पेटीत काढून ठेवते.

तुझी,
आई