फेकण्याआधी जंतूचा प्लाझ्मिड वाचा

मा. संपादक,
स. न.

पावसाळा लागला की जुलाब आणि टायफॉइडच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात. रुग्णांचा आकडा असतो, पाणी उकळून प्या असं आवाहन असतं. कोणती औषधं लागू पडेनाशी झाली, हे मात्र नसतं. मिरजेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये 19 वर्षं मी कल्चरचं, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून तपासण्याचं, काम करते, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात सांगलीतल्या एकाच गल्लीतून दोन नमुने आले. लहान मुलाच्या शौचात आमांशाचा जंतू शिगेला वाढला, शेजारच्या आजींच्या लघवीत ई-कोलाय हा आतड्यातला जंतू. जंतू वेगळे, आजार वेगळे. पण दोन्ही प्लेट शेजारी ठेवल्या आणि मी थबकले. औषध लागू पडत असेल, तर प्लेटवर ठेवलेल्या औषधाच्या डिस्कभोवती मोकळा गोल झोन पडायला हवा. दोन्हीकडे त्याच पाच डिस्कना जंतू अगदी कडेपर्यंत चिकटले होते. रिपोर्टवर पाच वेळा ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषध लागू नाही) लिहिलं, रिपोर्ट गेले, प्लेट जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या. एकाच प्लाझ्मिडनं हे दोन्हीकडे केलं का, ते आता कळायचं नाही. ती रुखरुख अजून जात नाही.

प्लाझ्मिड म्हणजे जंतूच्या मुख्य गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं छोटं कडं. औषधाला दाद न देणारी अनेक जनुकं त्यावर एकत्र असू शकतात, आणि जंतू ते कडं दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देतो. जपानमध्ये 1950च्या दशकात आमांशाच्या शिगेलावर चार-चार औषधं एकदम चालेनाशी झाली, त्या शोधातूनच ही देवघेव उघड झाली. सिंधमधल्या हैदराबादेत 2016 साली पसरलेला टायफॉइड तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या अँटिबायोटिकलाही जुमानेना. सिक्वेन्सिंग केल्यावर, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचल्यावर, दिसलं की त्या जंतूनं नवा प्लाझ्मिड मिळवला होता, आणि तसाच प्लाझ्मिड ई-कोलायमध्येही होता. 2019 साली पाकिस्ताननं टायफॉइडची लस नेहमीच्या लसीकरणात घेतली.

यात एक मेख आहे. नेहमीच्या सिक्वेन्सिंगमध्ये डीएनएचे शे-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचून जुळवतात. प्लाझ्मिडवर तेच तेच भाग पुन्हा येतात, त्यामुळे जनुक कड्यावर आहे की गुणसूत्रावर, याचा नीट उलगडा होत नाही. त्यासाठी लांब तुकडे वाचणारी नॅनोपोअरसारखी पद्धत लागते. तिचं छोटं यंत्र तळहातावर मावतं. कोरोनात जीनोम सिक्वेन्सिंग हा शब्द एसटीतसुद्धा ऐकू येत होता. पोटाच्या जंतूंसाठी तो पुन्हा कुणी उच्चारला नाही.

माझी मागणी साधी आहे. जिल्ह्यातल्या लॅबनी अनेक औषधांना दाद न देणारे जंतू नष्ट न करता मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे द्यावेत. तिथं ते ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंशांवर जपावेत आणि निवडक जंतूंचे प्लाझ्मिड वाचावेत. सोबत शेरी नाल्याच्या तोंडाशी कृष्णेचं पाणीही घ्यावं. नाल्यातल्या सांडपाण्याची तक्रार सांगलीकर वर्षानुवर्षं करताहेत. त्यात काय वाहतंय, तेही एकदा दिसू दे.

त्या दोन प्लेटनंतर मी असे जंतू अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) छोट्या बाटल्यांत ठेवू लागले. आज 11 बाटल्या आहेत, प्रत्येकीवर तारीख आहे. त्या कुठं पाठवायच्या, एवढं जिल्हा आरोग्य विभागानं कळवावं.

– एक लॅब टेक्निशियन, मिरज (जि. सांगली)