गोष्टीचा राहिलेला अर्धा भाग

नेपरव्हिल,
रविवार, 10 ऑगस्ट 2025

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्रीपासून सहा फोन केले, एकही उचलला नाहीस. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा तेवढ्या उमटतात. म्हणून पत्र लिहितोय, आणि मुद्दाम मराठीत. इंग्रजीत लिहिलं असतं तर एका नजरेत वाचून टाकलं असतंस. मराठी तुला अक्षर लावत वाचावं लागतं, रविवारच्या मराठी शाळेत वाचायचास तसं. तेवढा वेळ तरी माझ्याजवळ बसशील.

पण थांब. अक्षरं हलत असतील, डोकं जड होत असेल, तर इथंच ठेव. चार दिवसांनी वाच. पत्र कुठं पळून जात नाही.

बघ, डोक्याबद्दल चकार शब्द लिहायचा नाही असं आईला कबूल करून बसलो होतो.

आधी काल तुझ्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या सरावात काय दिसलं ते लिहितो. परतीच्या वाटेवर आय-65 हायवेवरच्या पवनचक्क्या येईपर्यंत आई काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "केवढा दिसत होता रे तो." मी नुसता हुंकार दिला. बोललो असतो तर आवाज कापला असता.

घरच्यांना बघायला सोडतात तो दिवस नेमका पूर्ण पॅड्सचा निघाला. पहिले दोन दिवस नुसती हेल्मेट, मग खांद्याचे पॅड, मग सगळा जामानिमा, हे तू जूनमध्ये जेवताना समजावलं होतंस. तेव्हा ऐकलं होतं, काल कळलं. भोंगा वाजला की शंभर पोरं एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पळतात. चालत कुणी जात नाही. पाचेक मिनिटं झाली की पुन्हा भोंगा. आत जाताना वजन, बाहेर येताना वजन, घामावाटे किती गेलं ते कागदावर. हेल्मेटवर ती जाड मऊ टोपी, गोधडी शिवून चढवल्यासारखी. तिनं आवाज मऊ होतो म्हणे, पण खांद्यावर खांदा आदळला की जो 'ठप्प' आवाज येतो तो शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. प्रत्येक ठप्पला आई माझा हात दाबत होती. नंतर बघितलं, मनगटावर तिच्या बांगड्यांचे वळ होते.

कुंपणापाशी बर्फाच्या पाण्याचे तीन हौद भरून ठेवले होते. आईनं विचारलं, कशाला? मी म्हटलं, दमल्यावर पाय बुडवायला. ते उष्माघातासाठी असतात हे मला माहीत होतं. 2018 साली मेरीलँडच्या जॉर्डन मॅकनेअरला सरावात उष्माघात झाला, वेळेत गार पाण्यात बुडवलं नाही, आणि पंधरा दिवसांनी पोरगं गेलं. 19 वर्षांचं. तुझंच वय. आईला यातलं काही सांगू नकोस.

आणि तू. ओळीत सगळ्यांत बुटका नसलास तरी बुटक्यांत होतास, पण भोंग्यानंतर पहिल्या तिघांत पोचत होतास, दर वेळी. पाठीवर आपलं आडनाव, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, घामानं चिकटलेलं. आज्जीला फोटो पाठवला. तिनं तो शेजारच्या घरी नेऊन दाखवला आणि विचारलं, "ह्यात फुटबॉल कुठं आहे?" तिच्या लेखी फुटबॉल म्हणजे गोल, आणि पायानं मारायचा. खरं सांगायचं तर माझ्याही लेखी बरीच वर्षं तसंच होतं. तू सात वर्षांचा असताना मागच्या अंगणात तुला इन्स्टेप, म्हणजे पायाच्या वरच्या भागानं मारायची किक, शिकवली ती याच आशेवर. पीट गोगोलाकची गोष्ट किती वेळा सांगितली असेल तुला! हंगेरीतून आलेला पोरगा, कॉर्नेलच्या संघात तिरका पळत येऊन आपल्यासारखी किक मारायला लागला, आणि 1964 मध्ये बफलोच्या संघातून व्यावसायिक खेळात गेला. तोवर सगळे सरळ येऊन बुटाच्या टोकानं मारायचे. मला वाटायचं, तूही किकर होशील. मैदानावर येशील, किक मारशील, बाजूला येऊन बसशील. कुणी अंगावर येणार नाही. हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षी तू म्हणालास, "बाबा, किकरला कुणी प्लेअर धरत नाही," आणि सेफ्टी, म्हणजे मागच्या फळीतला बचावपटू, म्हणून खेळायला लागलास. त्या रात्री मी आईला म्हटलं, पोरगा धाडसी आहे. मग बराच वेळ झोप लागली नाही.

आता कालचं. तू माझं ऐकून घेतलं नाहीस म्हणून लिहितो. मला नेमकं काय दिसलं ते तुला माहीत असायला हवं.

किकऑफचा सराव चालू होता. तू सुसाट पळत गेलास, तो 44 नंबरचा पोरगा आडवा आला, दोघं पडलात. तू त्याच्या आधी उठलास. हेल्मेटवर दोन थापट्या मारल्यास. इथवर काहीच नाही. मग तू चालत गेलास आणि पांढऱ्या जर्सीवाल्यांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिलास. तुझी जर्सी गडद. दोन सेकंद, फार तर तीन. एका पांढऱ्यानं तुझा खांदा धरून तुला वळवलं, सगळे हसले, तूही हसलास. नंतर तू हनुवटीचा पट्टा लावायला गेलास. बटण चुकलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा मान खाली घालून, दोन्ही हातांनी लावलंस. ज्या पोराच्या बुटाच्या नाड्या मी चौथ्या वर्षानंतर कधी बांधल्या नाहीत, त्याला बटण सापडेना. मग तू अजून दोनदा पळालास.

भोंगा झाल्यावर मी कुंपणाशी गेलो आणि पोरांच्या दुखापती बघणाऱ्या त्या ट्रेनरबाईंना हेच सगळं सांगितलं, इतकंच. मला वाटलं होतं, त्या मला परत बाकावर पाठवतील. त्यांनी शांतपणे ऐकलं, तुझ्याकडं गेल्या, काहीतरी विचारलं. तुझे ओठ मला लांबून कळले: "आय ॲम गुड." त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मग तुझं हेल्मेट काढून स्वतःच्या काखेत धरलं. तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस. ती नजर मी इथवर घेऊन आलोय.

पार्किंगमध्ये जे बोललास ते बोललास. "तुला या खेळातलं काय कळतं" हे मला लागलं नाही, कारण खरंच फार कळत नाही. "तू माझी जागा घालवलीस" हे लागलं. कारण ते कदाचित खरं असेल. यंदापासून संघात 105च नावं ठेवायची, तू स्कॉलरशिपशिवाय आलेला, त्या यादीच्या कुठल्या टोकाला तुझं नाव आहे ते मला कळतं. ऑगस्टमधला एक आठवडा तुझ्यासाठी काय असतो तेही कळतं. पहाटे साडेचारला उठून दोन वर्षं तू जे केलंस ते मी याच घरातून ऐकलंय, गॅरेजमधल्या वजनांचा आवाज. ते सगळं मी एका वाक्यात पणाला लावलं. तरी पुन्हा तसं दिसलं तर पुन्हा सांगेन. रागाव.

तुझ्याकडून एक सही घेतात ना सीझनच्या आधी? मला लागलं, दुखलं, चक्कर आली तर मी स्वतः सांगेन, अशी. ती सही तुझी आहे, माझी नाही. संशय आला की बाहेर काढून तपासायचं, डोक्याला मार बसल्याचं ठरलं तर त्या दिवशी परत मैदानात सोडायचं नाही, आणि डॉक्टरनं हो म्हटल्याशिवाय पुढंही नाही, हा नियमच आहे. तो कोचनंही मोडायचा नसतो. पण हा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे खेळणारा खरं बोलतो. हाडाचा फोटो निघतो. डोक्यातल्या अशा माराचा निघत नाही. तू "आय ॲम गुड" म्हणालास की बाईंच्या हातात काय उरतं? पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर क्वचित का होईना, पोरं दगावतात. आणि 2017 साली बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी मरणोत्तर दान केलेले मेंदू तपासले, त्यात कॉलेजपर्यंत खेळलेल्या 53 पैकी 48 जणांत सीटीई सापडला, डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार. ज्यांच्या घरच्यांना आधीच शंका होती त्यांचेच मेंदू जास्त आले असणार, हेही त्यांनीच लिहिलंय, म्हणून हा आकडा सगळ्यांना लागू नाही. तरी पण 48, सोन्या. आणि ते सगळे काही मोठ्या धडकेनं आजारी पडले नव्हते. बारीक बारीक धक्के, वर्षानुवर्षं. म्हणूनच 2021 पासून तुमच्या सीझनआधीच्या सरावात दिवसाला 75 मिनिटांच्या वर पूर्ण धडकाधडकी ठेवायची नाही असं ठरलं, आणि दोघांना समोरासमोर उभं करून एकमेकांवर सोडायचा तो जुना ओक्लाहोमा ड्रिल बंद केला. उगाच नाही केला.

झालं. आकडे लिहायचे नाहीत असंही ठरवलं होतं. चुकलं माझं. हे तुला तुमच्या लोकांनी स्लाइड लावून शिकवलंय, माझ्यापेक्षा चांगलं. शिरा ताणून व्याख्यान द्यायची माझी सवय, तू आठवीत असताना दार लावून घ्यायचास ती हीच. दार लावलंस तरी मी बाहेर उभा असायचो, हे तुला माहीत नसेल.

खरं तर मला हे लिहायचंच नव्हतं. मला तुला एक गोष्ट पुरी करून सांगायची आहे. ती लहानपणापासून तू माझ्याकडून शंभरदा ऐकलीस आणि दर वेळी मी ती अर्ध्यावर संपवली.

कोल्हापूरचं शाहू स्टेडियम, 1996, एप्रिलचं ऊन. एका बाजूला आपली पेठ, समोर त्यांची, मध्ये पोलीस. कॉर्नरवर मी आणि त्यांचा हाफबॅक एकाच चेंडूवर उडालो, कपाळावर कपाळ. फडकं बांधून मी पुन्हा उभा राहिलो, सेकंड हाफ पुरा खेळलो, माझ्या पासवर गोल, एक-शून्य. गुलाल, हलगी, तालमीपर्यंत खांद्यावर. कपाळावरची खूण तू बोटानं चाचपायचास आणि म्हणायचास, "मग? मग बाबा?" मग काही नाही, जिंकलो, असं म्हणून मी दिवा मालवायचो.

मग असं झालं. तो सेकंड हाफ मला आठवत नाही. एक मिनिटसुद्धा नाही. पास मी दिला हे मला दुसऱ्या दिवशी पोरांनी सांगितलं. मी तुला वर्णन करून सांगायचो, डावीकडं बघितलं, उजवीकडं दिला, ते सगळं त्यांचं ऐकून. गल्लीच्या तोंडाशी खांद्यावरून उतरवलं तेव्हा मी भिंतीला धरून ओकलो. आज्जीनं मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. रात्री ती अंथरुणाशी बसून विचारत होती, "डोक्यात लागलंय का रे?" मी म्हटलं, "नाही गं." आठ दिवस खिडकी लावून पडलो होतो. ताप आलाय असं आजोबांना सांगितलं. मे महिन्यात पेपर होते. एकेक प्रश्न तीन-तीनदा वाचत होतो, तरी वाक्याच्या शेवटी गेलं की सुरुवात निसटायची. त्या वर्षी एक विषय राहिला. तो का राहिला हे आजवर आईलाही माहीत नव्हतं. काल रात्री स्वयंपाकघरात सांगितलं. तिनं ओट्यावरचं पाणी पुसलं, पुन्हा पुसलं, आणि म्हणाली, "आणि तू हे पोराला शौर्य म्हणून सांगितलंस."

बरोबर बोलली ती. तुला "आय ॲम गुड" म्हणायला कुणी शिकवलं याचा मी रात्रभर विचार केला. कोचनं नाही शिकवलं.

मी सुटलो, हे माझं नशीब. सगळेच सुटत नाहीत. धाकट्या काकाकडं तू दर दिवाळीला गेलायस, जास्त काय लिहू.

तुझी जागा गेली असेल तर मी येऊन कोचसमोर उभा राहणार नाही, ते तुला आणखी वाईट. जागा राहिली असेल तर सप्टेंबरमध्ये पहिल्या मॅचला आम्ही दोघं येऊ, आणि तू नको म्हणालास तर घरी टीव्हीवर बघू. तू खेळू नकोस असं मी म्हणत नाही. काल पहिल्या भोंग्याला तू ज्या वेगानं सुटलास ते बघून मी उभा राहिलो होतो. शेजारच्या कुणीतरी विचारलं, तुमचा कुठला? मी बोट दाखवलं. एवढ्या जोरात कधी कुणाला बोट दाखवलं नव्हतं.

फोन उचलू नकोस वाटलं तर. पण रोज रात्री दोन गोष्टी मेसेजवर कळव: झोप लागते का, आणि उजेड सहन होतो का. हो-नाहीमध्ये. बाईंनी विचारलं तर त्यांना जे सांगशील तेच. मला बरं वाटावं म्हणून "हो" लिहू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. आईनं भडंगाचा डबा दिला होता तो मागच्या सीटवरच राहिला. उद्या कुरिअरनं पाठवतोय. तिखट आहे, पोटात मळमळत असेल तर आत्ता खाऊ नकोस. आणि मळमळत असेल तर तेही कळव.