कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या दादांना, त्या वहीबद्दल

दादा, स. न. वि. वि.

असलं पत्रबित्र तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. निघताना आभार मानायला तोंड उघडलं, तर ‘अंधार पडायच्या आत आंबा घाट उतरा’ म्हणून तुम्ही मला गाडीत कोंबलंत. म्हणून आता चारचौघांत लिहितोय. इथं मला कोण अडवतो ते बघू.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. माझी मारुती एस्टीम 1996 ची. 1298 सीसी, आठ व्हॉल्व्ह, कंपनीतून बाहेर पडली तेव्हा 65 हॉर्सपॉवर. आधीच्या मालकाला रॅलीचा नाद, त्याने तिच्यावर वेबरचे दोन 40 डीसीओई साइड-ड्राफ्ट कार्बोरेटर चढवलेले. आवाज ऐकून चहाच्या टपरीवरची माणसं मान वळवायची. पण रत्नागिरीत जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मापाचं भोक, जुळवून महाबळेश्वरला न्यावी, तर वर प्लग काळे. हजार मीटर वर गेलं की हवा दहाएक टक्क्यांनी विरळ होते, बिचाऱ्या जेटला ते कोण सांगणार? त्यात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं आणि होता तो मेळही गेला. ‘नंतरच्या एस्टीमचं 16 व्हॉल्व्हचं एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं) इंजिन टाक, आयती 85 हॉर्सपॉवर’ असं सांगणारे पुष्कळ भेटले. मला तो शहाणपणा नको होता. इंजिन हेच, चार सिलिंडरला चार थ्रॉटल, आवाज तोच, फक्त पेट्रोल मोजून सोडायचं काम ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरने, करावं, एवढीच हौस.

ही हौस घेऊन मी आधी एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या वर्कशॉपात गेलो. काचेचं ऑफिस, कॉफीचं मशीन, भिंतीवर डायनोचे, म्हणजे इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्राचे, ग्राफ. गाडी हातात आली ती साडेचार हजार आरपीएमला ठसका लागल्यासारखी अडखळणारी. आधी म्हणाले इंजेक्टर, मग म्हणाले पंप, मग म्हणाले ईसीयूच गेला, नवा घ्या. प्रत्येक वेळी बिल मात्र न अडखळता यायचं. शेवटी म्हटलं, निदान मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं त्याचा ईसीयूतला तक्ता, तरी द्या, दुसरीकडे दाखवतो. तर ईसीयूला पासवर्ड! ‘ट्यून आमची प्रॉपर्टी आहे, सर.’ गाडी माझी, ईसीयूचे पैसे माझे, पण आत डोकवायचं नाही. त्या ‘सर’चा मला अजून राग येतो.

तुम्ही बॉनेट उघडलंत आणि लॅपटॉपकडे पाहिलंही नाहीत. पेट्रोलच्या नळीवरून बोट फिरवलंत, वास घेतलात आणि म्हणालात, “किल्ली द्या हिकडं.” ती खिशात टाकलीत. कार्बोरेटरचा पंप जेमतेम पाव बार दाबाने पेट्रोल ढकलतो, इंजेक्शनला तीन बार लागतं. त्या महाशयांनी जुनीच रबरी नळी साध्या क्लिपा लावून ठेवली होती, तीही एक्झॉस्टच्या वर. नळी बदलेपर्यंत तुम्ही स्टार्टर मारू दिला नाहीत.

मूळ रोग किती किरकोळ निघाला! इंजिनचे फेरे मोजणाऱ्या क्रँक सेन्सरची तार इग्निशन कॉइलच्या तारांसोबत एकाच जुडग्यात बांधलेली. आरपीएम वाढला की ठिणगीचा गोंगाट सेन्सरच्या तारेत शिरायचा आणि ईसीयू क्रँकच्या चाकाचे दात मोजायला चुकायचा. इंजेक्टर, पंप, ईसीयू सगळे ठणठणीत होते. पासवर्ड तोडत बसण्यापेक्षा तुम्ही आतलं सगळं पुसून कोरं केलंत आणि पन्हाळ्याच्या रस्त्यावर नवा मॅप लिहिलात. मला शेजारी बसवून दाखवत होतात, “14.7 चा आकडा डोक्यात धरू नका, पेट्रोल आता तसं राहिलं नाही. लॅम्डा बघा.” 14.7 म्हणजे साध्या पेट्रोलच्या एका भागाला लागणारी हवा; पेट्रोल कुठलंही असो, हवा पुरते की नाही ते लॅम्डा सांगतो.

हे सगळं पैसे देऊन मिळण्यासारखं आहे, आणि तुम्ही घेतलेले पैसे रास्तच होते. पण गाडी नेताना तुम्ही पेनड्राइव्हबरोबर शाळकरी पोरांची असते तशी एकरेघी वही हातात ठेवलीत, तिची किंमत कशी करू? पेनड्राइव्हमध्ये मॅप, कुलूप नाही. वहीत प्रत्येक तारेचा रंग, कुठून निघते, कुठे जाते, कोणत्या फ्यूजवर आहे, सगळं निळ्या शाईत. मधेच लाल चौकटीत: ‘ही अर्थ इंजिनच्या ब्लॉकलाच. बॉडीला देऊ नये.’ आणखी एके ठिकाणी: ‘शील्ड (तारेवरची जाळी) एकाच टोकाला अर्थ केली आहे. दुसरं टोक मोकळं दिसलं म्हणून कुणी जोडू नये.’ ते ‘कुणी’ वाचून मी थांबलो. उद्या ही गाडी चिपळूणला बंद पडली, समोर अनोळखी वायरमन उभा राहिला, तर त्याला काय लागेल याचा विचार तुम्ही आधीच करून ठेवला होता. म्हणजे गिऱ्हाईक आपल्याकडेच परत यावं, अशी तजवीज तुम्ही मुद्दाम केली नाहीत.

आपल्याकडे जेट बदलताना पाठ फिरवणारे उस्ताद मी पोरवयापासून पाहिलेत. पोरगं शिकलं तर धंदा जाईल ही भीती. आता पाठ फिरवायची गरज नाही, पासवर्ड टाकला की झालं. आणि इकडे तुम्ही, दुपारच्या डब्याला बसतानाही हाताखालच्या पोराला ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरची विजेची लाट समजावून सांगत होतात. तुमच्याकडे कामाचा तोटा आहे असं मला काही दिसलं नाही. शेडबाहेर जागा नाही म्हणून माझी गाडी समोरच्या लेथवाल्याच्या दारात लावावी लागली होती.

गाडी झकास आहे. सकाळी चोक न ओढता सुरू होते, साडेचार हजाराच्या पुढे आता जीव खाऊन ओरडते. सावंतवाडीच्या एका जिप्सीवाल्याने तुमचा मॅप मागितला. त्याला सांगितलं, इंजिन वेगळं, थ्रॉटल वेगळे, तो तुला चालायचा नाही. वहीच्या पानांचे फोटो मात्र पाठवले, चालेल ना? दिवाळीनंतर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलायचा विचार आहे, म्हणजे मॅप पुन्हा बसवावा लागेल. वही घेऊन येतो, मागची पानं कोरी आहेत.

तुमचा,
रत्नागिरीचा एस्टीमवाला