सूचना : या महिन्याची यादी भरण्याआधी तेलाचं लेबल वाचा

सर्व सभासदांसाठी,

जीएम (जनुकीय बदल केलेली पिकं) टाळायचं म्हणून बरेच जण बिनबियांची द्राक्षं, कलिंगडं नाकारतात. ती जीएम नसतात. आपल्याकडे जीएमपैकी लागवडीत आहे तो २००२ पासूनचा बीटी (कीडरोधक जनुक घातलेला) कापूस. बीटी वांगं २०१० पासून स्थगित आहे. म्हणजे भाजीवाल्याशी हुज्जत नको, तेलाकडे बघा.

सरकीचं तेल बहुतेक बीटी कापसाचंच. घरात सहसा मुद्दाम आणलं जात नाही, पण फरसाण-वेफर्समधून येतं. पुडीमागे नुसतं ‘खाद्यतेल’ वाचून थांबू नका, कंसातलं नाव बघा : सरकी असेल तर पुडी परत ठेवा. रिफाइंड सोयाबीन तेल बरंचसं अर्जेंटिना-ब्राझीलच्या जीएम सोयाचं. कॅनोला (मोहरीवर्गातलं तेल) मुख्यतः कॅनडाच्या जीएम पिकाचं. शुद्धीकरणात डीएनए जवळजवळ उरत नाही, त्यामुळे तेल तपासून फारसं कळत नाही.

यादीत शेंगदाणा, करडई किंवा तीळ तेल लिहा. यांचं जीएम वाण भारतात लागवडीला नाही. घाण्यावरही ‘मिक्स’ घेऊ नका. सोया लेसिथिन (सोयाबीनपासूनचा, घटक एकजीव करणारा पदार्थ; लेबलवर ३२२) चॉकलेट-बिस्किटांत असतं. तिथे ‘जैविक भारत’ चिन्ह शोधा, प्रमाणित सेंद्रियात जीएमला मनाई आहे. नुसत्या ‘नॅचरल’ला अर्थ नाही.