भाऊसाहेब, तुम्ही पेढे घेतले नाहीत म्हणून

आदरणीय भाऊसाहेब, सा. न. वि. वि.

तुम्ही पेढ्यांचा पुडा परत केलात, म्हणून आभार असे चारचौघांत मानतेय.

माझे वडील, कालव्याचं पाणी सोडणारे पाटकरी, म्हणजे आमचे दादा, गेले आणि आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचं घोडं नावावर पेंड खाऊ लागलं. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दुरुस्तीसाठी दादांच्या सेवापुस्तकातली, म्हणजे नोकरीच्या नोंदवहीतली, कुटुंबाची नोंद हवी, आणि कार्यालय ती दाखवेना. कर्मचाऱ्याकडे दुय्यम सेवापुस्तक असायला हवं म्हणतात. दादांचं कधी बनलंच नव्हतं. शेवटी १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून आईच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. उत्तर आलं: माहिती वैयक्तिक, त्रयस्थ व्यक्तीची, कलम ८(१)(ञ) प्रमाणे देता येत नाही.

त्रयस्थ म्हणजे दादा. आई म्हणाली, "मग मी कोण गं?"

एसटी स्टँडच्या बाकावर तुम्ही ते पत्र दोनदा वाचलंत आणि विचारलंत, "पोरी, ही त्यांची बायको आहे असं अर्जात कुठं लिहिलंय?" खरंच नव्हतं लिहिलं. माहिती मागायला कारण सांगावं लागत नाही, एवढंच वाचून आम्ही हुशार झालो होतो. तुम्ही तिथंच, मांडीवर वही ठेवून, पहिलं अपील लिहिलंत. २० रुपयांचं तिकीट, मृत्यूचा दाखला, पीपीओची झेरॉक्स, आणि नकार मिळाल्यापासून ३० दिवस मोजून खाली पेन्सिलीने शेवटची तारीख. सुनावणीला आलात, पण आत नाही. जुन्या सहकाऱ्यांना ओशाळं वाटेल म्हणून व्हरांड्यातच बसलात.

अपील मान्य झालं. सेवापुस्तकाच्या नकलेला पानाला २ रुपये. चार पानांचे आठ रुपये भरले, बस्स! पहिल्या पानावर दादांच्या डाव्या हाताच्या पाच बोटांचे ठसे, खाली 'ओळखखूण: उजव्या भुवईवर व्रण'. आई ठशांवरून बोट फिरवत म्हणाली, "बैलाचं शिंग लागलं होतं. लग्नाच्या आधी." नामनिर्देशनाच्या पानावर दादांच्या अक्षरात तिची दोन्ही नावं होती, माहेरचं कंसात. म्हणजे त्यांनी नीट लिहिलं होतं; पुढे कुणीतरी निम्मंच उतरवलं.

दुरुस्तीचा प्रस्ताव आता महालेखापालांकडे गेलाय. थकबाकी जमा झाली की आई येणार आहे. तुमची शुगर लक्षात ठेवून या खेपेला चिवडा आणतेय.

आपली,
पाटकऱ्याची लेक